खातं बंद, नोंद चालू

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात जुनं गिऱ्हाईक कुणी विसरत नाही. विसरून चालतच नाही. इथे माल आधी जातो आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा येतात. मधल्या काळात एखाद्या पार्टीनं दुकानाला कुलूप ठोकून पोबारा केला, की बाजारात ‘उठमणुं’ झाल्याची बोंब होते आणि माल दिलेले व्यापारी कपाळाला हात लावून बसतात. म्हणून व्यवहार थांबला तरी पार्टीचं नाव, गाव, ती कुठल्या आडत्यानं आणली, पैसे किती दिवसांनी सोडायची, हे सगळं वहीत राहतं आणि हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींच्या डोक्यातही. दहा वर्षांनी तोच माणूस नव्या फर्मच्या पाटीखाली उभा राहिला, तर जुनी वही बाहेर निघते.

यात मला गैर काही दिसत नाही. नोंद का ठेवली ते व्यापारी एका दमात सांगू शकतो आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्यालाही ते ठाऊक असतं. पण आता याच बाजारातला माल मोबाइलवरच्या ॲपमधून विकला जातो, आणि तिथली नोंद वेगळ्या जातीची आहे.

सुरतेतल्या उधन्याच्या एखाद्या गाळ्यात संध्याकाळी डोकावलं तर पॅकिंग चाललेलं दिसतं. घडी घातलेली साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवायची, पिशवी चिकटवायची, वर प्रिंटरमधून निघालेलं लेबल थापायचं. त्या वीतभर कागदावर गिऱ्हाइकाचं नाव, घर क्रमांक, गल्ली, ‘मारुती मंदिराच्या मागे’ अशी खूण, पिनकोड, ऑर्डर क्रमांक, वस्तूचं वर्णन आणि किंमत असते. समजा, लातूरच्या एका बाईंनी ही साडी मागवली. रंग फोटोतल्यासारखा निघाला नाही म्हणून त्या चिडल्या, साडी परत केली आणि ॲप मोबाइलमधून काढून टाकलं. त्यांच्या लेखी विषय संपला. पण त्यांची नोंद ॲपच्या कंपनीकडे आहे, कुरिअरवाल्याकडे आहे, पैशांचा व्यवहार करणाऱ्या कंपनीकडे आहे, ‘तुमचं पार्सल निघालं आहे’ असा एसएमएस धाडणाऱ्या चौथ्याच कंपनीकडे आहे, आणि गाळ्यातल्या पोरानं त्या दिवशीची ऑर्डरींची यादी उतरवून घेतली असेल तर त्याच्या संगणकातही आहे. साडी तेवढी परत गेली.

ॲप काढून टाकणं, लॉगआउट करणं, खातं बंद करणं आणि माहिती पुसणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन तुमच्या मोबाइलपुरत्या. कंपनीच्या दप्तरात त्यांनी तसूभरही फरक पडत नाही. तिसरी केली की बहुतेक लोकांना वाटतं, चौथीही झाली. तसं होत नाही, आणि का होत नाही ते कळायला आतलं दप्तर कसं असतं ते पाहायला हवं.

कंपनीकडे गिऱ्हाइकांचा एक मोठा तक्ता असतो. प्रत्येक माणसासाठी एक ओळ: नाव, मोबाइल, ईमेल, पत्ता, नोंदणीची तारीख. त्याच ओळीत ‘सक्रिय’ अशा अर्थाचा एक रकाना असतो आणि त्यात १ हा आकडा असतो. तुम्ही तीनदा ‘होय, मला खात्री आहे’ असं दाबून, खंत व्यक्त करणारं ते चित्र पाहून खातं बंद करता, तेव्हा अनेक ठिकाणी घडतं ते एवढंच की त्या १ चा ० होतो. ओळ जागच्या जागी राहते. पडद्यावर तुम्ही दिसेनासे होता, कारण पडदा फक्त १ असलेल्यांनाच दाखवतो. उद्या तोच नंबर घालून परत आलात आणि ‘पुन्हा स्वागत आहे’ म्हणत जुने पत्ते पुढे आले, तर समजायचं की शून्याचा पुन्हा एक झाला.

प्रोग्रामर हे दुष्टपणानं करत नाहीत. त्या ओळीला शेकडो धागे बांधलेले असतात. तुमची प्रत्येक ऑर्डर, पावती, तक्रार त्या ओळीकडे बोट दाखवते. ओळ उपटून काढली तर पावत्या निनावी होतात, हिशेब जुळत नाहीत, कुठेतरी काहीतरी मोडतं. ओळ ठेवून नाव-नंबर तेवढे खोडता येतात, नाही असं नाही. पण त्यासाठी माहिती कुठेकुठे पसरली आहे ते आधी माहीत हवं. रोज रात्री घेतलेले बॅकअप आहेत, विश्लेषणासाठी वेगळ्या जागी ओतलेल्या प्रती आहेत, जाहिरातवाल्यांना दिलेल्या याद्या आहेत. नवं गिऱ्हाईक आणणाऱ्या माणसाला कंपनीत बढती मिळते. जुन्याची नोंद नीट पुसणाऱ्याला कुणी विचारत नाही. हाव असतेच, पण माझ्या मते या बाबतीत निम्म्याहून अधिक दोष आळसाचा आहे.

हावेची गोष्टही सांगायला हवी. अमेरिकेतली रेडिओशॅक ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुनी दुकानसाखळी २०१५ साली दिवाळखोरीत निघाली. मालमत्तेचा लिलाव पुकारला तेव्हा त्यात ११ कोटी ७० लाख ग्राहकांची माहितीही होती. ‘तुमची माहिती आम्ही कुणाला विकणार नाही’ असं वचन त्याच कंपनीनं त्याच ग्राहकांना दिलेलं होतं. अनेक राज्यांच्या सरकारी वकिलांनी हरकत घेतली आणि शेवटी विक्रीला बऱ्याच मर्यादा पडल्या. पण कंपनी मेली तरी गिऱ्हाइकांची यादी मालमत्ता म्हणून जगते, हे त्या प्रकरणात उघड झालं. वापर सोडलेला ग्राहकही ‘नोंदणीकृत ग्राहक’ म्हणून मोजला, तर कंपनी विकताना आकडा फुगतो.

कंपनी मेल्यावरही दप्तर उरतं याचा एक जुना दाखला सुरतेतच आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं १६१३ च्या सुमारास इथे वखार घातली. त्या काळी शहरातला सर्वांत बडा सावकार होता वीरजी व्होरा. मिरीची आलेली सगळी खेप एकहाती उचलणारा आणि गरज पडली की खुद्द इंग्रजांना कर्ज देणारा. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा त्याच्या वाड्यातूनही मोठी लूट मिळाली. त्याचा व्यापार, व्याजाचे दर, इंग्रजांशी झालेल्या कुरबुरी हे आज आपल्याला कळतं ते प्रामुख्यानं इंग्रज आणि डच कंपन्यांच्या पत्रव्यवहारातून. ईस्ट इंडिया कंपनी १८७४ साली कायमची गुंडाळली गेली, पण तिची कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत व्यवस्थित लावून ठेवलेली आहेत. इतिहासकारांच्या दृष्टीनं हे घबाड आहे. वीरजी व्होराला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

लातूरच्या त्या बाईंची नोंद इतिहासकाराच्या हाती पडण्याची शक्यता कमी. ती चोराच्या हाती पडते. अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीनं मार्च २०२४ मध्ये कबूल केलं की सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांची माहिती इंटरनेटच्या काळ्या बाजारात पोहोचली आहे. त्यांपैकी चालू ग्राहक ७६ लाख होते. उरलेले ६ कोटी ५४ लाख माजी. म्हणजे दर दहांतले जवळपास नऊ जण कंपनी सोडून गेलेले होते. आपल्याकडे मे २०२१ मध्ये एअर इंडियानं प्रवाशांना कळवलं की बुकिंगची व्यवस्था सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीवर हल्ला झाला आणि जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती उघडी पडली. ती माहिती ऑगस्ट २०११ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंतची होती: नावं, जन्मतारखा, पासपोर्टचा तपशील. २०११ साली कुणी एकदाच दुबईला जाऊन आला असेल, तर त्याचा पासपोर्ट क्रमांक दहा वर्षं कुणाच्या कामासाठी सांभाळला होता?

सगळ्यांत कळस केला तो विवाहबाह्य संबंध जुळवून देणाऱ्या ॲशली मॅडिसन या संकेतस्थळानं. ‘खातं पूर्णपणे पुसून देतो’ म्हणून ते १९ डॉलर वेगळे घ्यायचे. २०१५ साली तिथे चोरी झाली, यादी चव्हाट्यावर आली आणि त्यात पैसे भरून पुसून घेतलेल्यांचीही माहिती निघाली. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं पुढे कारवाई केली, तेव्हा ही माहिती बारा महिन्यांपर्यंत ठेवली जात होती असा ठपका आला. त्या मंडळींबद्दल कुणाला सहानुभूती वाटो न वाटो, गिऱ्हाईक म्हणून त्यांची फसवणूक झाली हे खरंच आहे.

सुरतेत हा प्रश्न आणखी एका वाटेनं येतो, आणि ती वाट मोबाइल नंबरची आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. भुसावळ-सुरत रेल्वेवर त्यांचं येणं-जाणं सतत चालू असतं. वाटेतल्या नवापूर स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. टेलिकॉम कंपन्यांच्या लेखी मात्र ही दोन वेगळी मंडळं. जुलै २०१५ पर्यंत नंबर तोच ठेवून एका मंडळातून दुसऱ्यात जाताच येत नव्हतं. नंदुरबारचा पोरगा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये लागला की नवं सिम घ्यायचा. मग २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा आणखी एक सिम आलं. २०१८ च्या सुरुवातीला एअरसेलनं गुजरात आणि महाराष्ट्रातून गाशा गुंडाळला, तेव्हा काहींचे नंबर मेले. अशा घरात माणशी दोन-तीन मेलेले नंबर सहज निघतात, आणि प्रत्येक नंबराच्या पोटात कुठली ना कुठली खाती असतात.

मेलेला नंबर मेलेला राहत नाही. बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो बाजूला ठेवतात आणि मग नव्या माणसाला देतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा विषय आला तेव्हा ट्राय या दूरसंचार नियामकानं हेच सांगितलं, आणि आपली माहिती जपायची काळजी ग्राहकानंही घ्यावी, असं न्यायालयानं म्हटलं. डिंडोलीतल्या एका ओळखीच्या मुलानं नवं सिम घेतलं. किराणा पोहोचवणाऱ्या एका ॲपमध्ये नंबर टाकला, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर आला, आणि आत शिरला तर समोर भलत्याच माणसाचं नाव. ‘घर’ आणि ‘दुकान’ असे दोन पत्ते. महिन्याला किती तेल, किती साबुदाणा, सगळं. त्यानं इमानदारीत कंपनीला कळवलं. उत्तर आलं: कृपया खातेदाराला आमच्याशी संपर्क साधायला सांगा. खातेदाराला गाठायला कंपनीकडे तरी दुसरं काय होतं? त्याचा नंबर आता या मुलाच्या खिशात.

व्हॉट्सॲपनं यावर एक तोड काढली आहे: ४५ दिवस खातं वापरलं गेलं नसेल आणि तोच नंबर वेगळ्या मोबाइलवर चालू झाला, तर जुनी माहिती काढून टाकतात. बंद झालेल्या नंबरांची यादीही सरकारी पातळीवर ठेवली जाते, आणि जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना ती यादी वापरून आपलं दप्तर साफ ठेवायला सांगितलं. किराण्याच्या ॲपला तसं कुणी सांगितलेलं नाही.

आता कायद्याकडे. इथे गंमत अशी की सरकार एका हातानं म्हणतं ‘पुसा’ आणि दुसऱ्या हातानं ‘ठेवा’. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. बँका आणि वित्तसंस्थांना ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रं खातं बंद झाल्यावरही पाच वर्षं सांभाळावी लागतात. काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखालचा तो नियम आहे. समाजमाध्यमं आणि तत्सम मध्यस्थांनी, कुणी नोंदणी रद्द केली तरी, तिची माहिती १८० दिवस ठेवावी असं २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम सांगतात. आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनं क्लाउड आणि व्हीपीएन सेवावाल्यांना फर्मावलं की गिऱ्हाईक गेल्यावरही त्याचं नाव-पत्ता पाच वर्षं जपा. व्हीपीएन लोक घेतात तेच मुळी आपला माग राहू नये म्हणून. काही विदेशी कंपन्यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर सरळ बंद केले.

तेव्हा ‘कायद्यामुळे आम्हाला तुमची माहिती ठेवावी लागते’ असं कंपनीनं सांगितलं, तर ते अर्धं खरं असू शकतं. साडीची पावती ठेवावीच लागेल. पण तुम्ही रात्री अकरा वाजता कुठल्या साड्या चाळत होतात, कुठली टोपलीत टाकून परत काढलीत, तुमची जन्मतारीख काय, संपर्कयादीत कोण आहे, हे जीएसटीचा कुठलाही अधिकारी मागत नाही. पावतीच्या आडोशानं बाकीचं सगळं ठेवलं जातं, आणि ग्राहकानं बोट ठेवायचं ते नेमकं इथे.

‘पुसा’ म्हणणारा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आला: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर सहा वर्षांनी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. गाभा सोपा आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं, किंवा माणसानं संमती मागे घेतली, की माहिती पुसायची, दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितली असेल तेवढी सोडून. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. संरक्षणात हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड.

पण काम संपलं हे कुणी ठरवायचं? बड्या कंपन्यांसाठी नियमांनी मुदत घातली आहे. दोन कोटींवर नोंदणीकृत ग्राहक असलेली ई-कॉमर्स आणि समाजमाध्यमं, पन्नास लाखांवर खेळाडू असलेली ऑनलाइन गेमिंग, यांच्याकडे ग्राहक तीन वर्षं फिरकला नाही तर माहिती पुसायची, आणि पुसण्याआधी किमान ४८ तास त्याला कळवायचं. ऐकायला छान. मात्र तीन वर्षांचं घड्याळ शेवटच्या संपर्कापासून चालतं. खातं उघडण्यापुरती माहिती आणि वॉलेटमधली शिल्लक यांना ही मुदत लागूच नाही. आणि दोन कोटींखालच्या असंख्य कंपन्यांना असं ठरावीक घड्याळच नाही, त्यांचं काम कधी संपलं ते त्यांनीच आधी ठरवायचं. शिवाय याच नियमांत प्रत्येक कंपनीनं माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवाव्यात, अशीही तरतूद आहे. सरकारला कधी लागल्या तर असाव्यात म्हणून. आणखी एक खोच: दंड झाला तरी तो भारताच्या संचित निधीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला दमडी नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचं जे कलम होतं, तेही हा कायदा रद्द करतो.

रिंग रोडच्या व्यापाऱ्यालाही याची झळ पोहोचणार आहे. कायदा डिजिटल माहितीला लागू आहे, म्हणजे लाल बासनातली वही त्यातून सुटते. पण तीच वही संगणकात भरली की तिला तो लागू होतो. दहा वर्षांच्या गिऱ्हाइकांना दर सणाला व्हॉट्सॲपवर नव्या मालाचे फोटो पाठवणाऱ्या दुकानदाराला उद्या कुणी विचारलं की माझा नंबर अजून का ठेवलास, तर ‘उठमणुं’ हे उत्तर तिथे चालणार नाही. त्या गिऱ्हाइकानं पैसे तर रोख दिलेले असतात.

माजी ग्राहकाच्या बाजूनं भारतात एक ठोस आदेश या कायद्याच्या कितीतरी आधी निघाला होता. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं आपली माहिती फेसबुकला द्यायचं ठरवलं तेव्हा दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयानं सांगितलं की २५ सप्टेंबरपूर्वी जे खातं पुसतील त्यांची माहिती सर्व्हरवरूनही पुसावी आणि फेसबुकला देऊ नये. जे राहतील त्यांचीही त्या तारखेपर्यंतची माहिती देऊ नये. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण सोडून जाणाऱ्याचाही काही हक्क असतो, हे तेव्हा स्वच्छ शब्दांत लिहिलं गेलं.

मे २०२७ ची वाट न पाहता करता येण्यासारखं थोडंफार आहे. ॲप काढण्याआधी त्याच्या आतूनच खातं पुसण्याचा पर्याय शोधावा. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते पुसण्याचीही सोय हवी, असं ॲपलनं जून २०२२ अखेरपासून सक्तीचं केलं आणि गूगल प्लेनंही तसाच नियम आणला. सोय असते, फक्त चार पडदे आत दडवलेली. नंबर सोडायचा असेल तर आधी बँक, गॅस, आधार, ईमेल या ठिकाणी तो बदलून घ्यावा. उलट्या क्रमानं केलं तर ओटीपी नव्या मालकाकडे जातो. आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिताना ‘माझी सगळी माहिती पुसा’ एवढंच लिहू नये, त्यावर ठरलेलं गुळमुळीत उत्तर येतं. माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे, कुणाकुणाला दिलीत, त्यातली कुठली कोणत्या कायद्याखाली किती वर्षं ठेवणार, आणि उरलेली कधी पुसणार, असं विचारावं. नवे नियम लागू झाल्यावर तक्रारीचा निकाल लावायला कंपनीला जास्तीत जास्त ९० दिवस असतील. तिनं दाद दिली नाही तर माहिती संरक्षण मंडळ, आणि त्यावर दूरसंचार अपील न्यायाधिकरण.

हे सगळं इंग्रजीतच व्हायला हवं असंही नाही. संमती घेताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय कंपनीनं द्यायची आहे. लिंबायतच्या खोलीत बसून, गुजरातेत राहून, ती मराठीत मागता येईल.